दोन राष्ट्रांमधील साक्षीदार : रेव्हरंड एलायजा ब्रिजमन यांचे चरित्र

आठवड्याच्या बाजाराहून परत येणारा मनुष्य, ज्या गावी आपण कधी गेलो नाही त्या गावची वार्ता घेऊन येतो, आणि आपण ती खरी मानून चालतो. तेथील लोक लबाड आहेत असे त्याने सांगितले, तर त्या गावाशी सोयरीक करण्यास आपण कचरतो; ते प्रामाणिक आहेत असे सांगितले, तर त्यांस बियाणे उसने देताना आपण मागेपुढे पाहत नाही. वार्ता आणणाऱ्याने ते गाव खरोखर पाहिले होते, की वेशीबाहेरच्या दुकानात बसून ऐकलेले तो सांगत आहे, ह्याची विचारपूस आपल्यापैकी थोडेच करितात. जी गोष्ट गावांची तीच राष्ट्रांची. दोन मोठी राष्ट्रे समुद्रामुळे एकमेकांपासून दूर असली, म्हणजे एकाने दुसऱ्याविषयी काय समजावे हे थोड्याशा मनुष्यांच्या लेखणीवर अवलंबून राहते. ती लेखणी खरी असली तर लाखो लोकांस प्रकाश मिळतो. ती अर्धवट असली तर लाखो लोक अंधारात चाचपडतात.

अमेरिका व चीन ह्या दोन देशांमध्ये अशी लेखणी ज्याने प्रथम हाती धरिली, त्या मनुष्याचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव रेव्हरंड एलायजा कोलमन ब्रिजमन. चीन देशात गेलेले अमेरिकेचे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी ते हेच. आमच्या मराठी मंडळ्यांस ते अगदीच परके नव्हेत. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांस मुंबईस ठेविले, त्याच बोर्डाने पुढे सोळा वर्षांनी ब्रिजमनसाहेबांस चीनकडे रवाना केले.

ब्रिजमनसाहेबांचा जन्म तारीख २२ एप्रिल १८०१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बेल्चरटाउन ह्या गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांनी अॅमहर्स्ट येथील महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८२६ साली पदवी संपादन केली, आणि नंतर अँडोव्हर येथील ईश्वरविज्ञानाच्या पाठशाळेत तीन वर्षे अभ्यास केला. १८२९ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांस त्यांच्याच गावी दीक्षा मिळाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते न्यूयॉर्क बंदरातून जहाजावर चढले. ऑलिफंट नावाच्या एका व्यापाऱ्याने त्यांस आपल्या कंपनीच्या जहाजातून फुकट नेण्याचे कबूल केले होते. हा गृहस्थ चीनशी चहा व रेशीम ह्यांचा व्यापार करीत असे, पण अफूला हात लावीत नसे. त्या काळी कँटन येथे अशी व्यापारी घरे फारच थोडी होती. ब्रिजमनसाहेबांबरोबर त्याच जहाजावर डेव्हिड अबील नावाचे दुसरे एक तरुण पाळक होते. त्यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ह्या कथेच्या शेवटी त्यांची पुन्हा भेट होईल.

निघताना बोर्डाने ब्रिजमनसाहेबांस काही लेखी सूचना दिल्या होत्या. चिनी भाषा शिकावी व शुभवर्तमान सांगावे हे तर त्यात होतेच. परंतु चिनी लोकांचा स्वभाव, स्थिती, चालीरीती व धर्म ह्यांविषयी शोध करून ती माहिती स्वदेशी कळवावी, असेही त्यात होते. ह्या दुसऱ्या सूचनेतून त्यांच्या आयुष्यातील मोठे कार्य निघाले.

त्या काळी ह्या दोन देशांस एकमेकांविषयी किती थोडे ठाऊक होते हे येथे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेचे पहिले व्यापारी जहाज चीनकडे निघाले ते १८८४ साली नव्हे, तर त्याच्या शंभर वर्षे आधी, १७८४ साली. त्यानंतर चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी अमेरिकेतील घरोघर गेली खरी. पण बशीवर रंगविलेले देऊळ व पूल पाहून जितका चीन कळावा तितकाच तो सामान्य अमेरिकन मनुष्यास कळत होता. बाकीचे ज्ञान व्यापारी व खलाशी ह्यांच्या तोंडचे. आणि त्यांनी चीनचा एक घाट व त्या घाटावरचे दलाल ह्यांपलीकडे फारसे काही पाहिले नव्हते. इकडे चिनी लोकांस अमेरिकेविषयी त्याहूनही थोडे ठाऊक होते. अमेरिकन मनुष्य इंग्रजी बोले व इंग्रजासारखाच पोशाख करी. तेव्हा हा त्यांच्यातलाच एक, असे त्यांस वाटे. जहाजावरचे तारे व पट्टे असलेले निशाण पाहून कँटनच्या लोकांनी त्या देशास फुलांच्या निशाणाचा देश असे नाव दिले होते. निशाणापलीकडे त्या देशाचे काहीच त्यांस दिसत नव्हते.

ब्रिजमनसाहेब १८३० च्या फेब्रुवारी महिन्यात कँटनला पोहोचले. इंग्रज मिशनरी डॉ. रॉबर्ट मॉरिसन, जे १८०७ सालापासून तेथे होते, त्यांनी ह्या तरुणांचे प्रेमाने स्वागत केले. परंतु कँटनमध्ये राहणे म्हणजे चीनमध्ये राहणे नव्हे, हे ब्रिजमनसाहेबांस लवकरच कळून आले. सरकारच्या हुकुमाने परकीयांचा सर्व व्यापार त्या एकाच बंदरात कोंडलेला होता. नगराच्या तटाबाहेर नदीकाठी तेरा वखारींची एक अरुंद रांग होती. तिच्यातच परकीयांनी राहावे. त्यांनी नगरात शिरू नये, बायकांस तेथे आणू नये, आणि व्यापाराचा हंगाम संपताच मकावला निघून जावे, असे नियम होते. कोणी चिनी मनुष्य परकीयास आपली भाषा शिकविताना सापडला तर त्यास शिक्षा होत असे. चिनी शिक्षक भीतभीत येत. जो देश समजून घ्यावयाचा, त्याच्या दारातच ब्रिजमनसाहेब बसून होते; दार बंद होते.

अशा स्थितीत एखादा मनुष्य निराश झाला असता. ब्रिजमनसाहेबांनी ग्रंथ हाती घेतले. न्यूयॉर्क येथील एका मंडळीने एक छापखाना पाठवून दिला, ऑलिफंट ह्यांनी जागा दिली व तोटा आल्यास तो भरून देण्याचे अभिवचन दिले, आणि १८३२ च्या मे महिन्यात चायनीज रिपॉझिटरी, म्हणजे चीनविषयक ज्ञानभांडार, ह्या नावाचे इंग्रजी मासिक पुस्तक निघू लागले. त्याचे संपादन ब्रिजमनसाहेबांनी सुमारे पंधरा वर्षे केले. पाश्चात्य लोकांनी चीनविषयी पूर्वी जे ग्रंथ लिहिले आहेत ते पुन्हा तपासून पाहावे, त्यांतले खरे कोणते व खोटे कोणते हे ठरवावे, आणि जे मागे पडले ते टाकून द्यावे, असा ह्या मासिकाचा एक मुख्य हेतू होता. त्यात चीनचे कायदे, भूगोल, शेती, पशुपक्षी, ग्रंथ व धर्म ह्यांवर निबंध येत. पेकिंगच्या सरकारी गॅझेटातील उतारे भाषांतर करून छापले जात. बादशहाची व सुभेदारांची फर्माने जशीच्या तशी इंग्रजीत दिली जात. येथे वाचकांनी एक गोष्ट पाहावी. पूर्वी चीनविषयी परकीय बोलत. ह्या मासिकात प्रथमच मोठ्या प्रमाणावर चीनचे स्वतःचे शब्द पाश्चात्य वाचकांपुढे आले. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्यास बोलू द्यावे, हा न्यायाचा पहिला नियम होय.

१८३३ साली सॅम्युएल वेल्स विल्यम्स नावाचा एक एकवीस वर्षांचा तरुण बोर्डाचा मुद्रक म्हणून कँटनला आला. तो खिळे जुळविण्यासाठी आला होता. परंतु जुळविता जुळविता तो चिनी भाषेचा मोठा पंडित झाला. रिपॉझिटरीत वर्षानुवर्षे साठलेल्या ज्ञानाचे पीक त्यानेच कापले असे म्हणावयास हरकत नाही. त्याने १८४८ साली द मिडल किंगडम हा चीनविषयीचा दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कित्येक वर्षेपर्यंत अमेरिकेतील शाळांत, देवळांत व वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत चीनविषयी काही पाहावयाचे असले म्हणजे लोक हाच ग्रंथ उघडीत. पुढे १८७७ साली येल येथील विद्यापीठाने त्यास चिनी भाषेचा अध्यापक नेमिले. अमेरिकेतील अशी ती पहिलीच नेमणूक. चीनविषयक विद्वत्तेचे जे झाड त्या देशात पुढे वाढले, त्याचे बी कँटनच्या वखारीत, एका लहानशा छापखान्यात पडले होते.

परंतु ब्रिजमनसाहेबांची दृष्टी एकाच बाजूस नव्हती. आपल्या लोकांस चीन कळावा इतकेच पुरे नाही, चिनी लोकांसही बाहेरचे जग कळले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८३४ साली कँटन येथे उपयुक्त ज्ञानाचा चीनमध्ये प्रसार करणारी एक सभा स्थापन झाली. तिच्या चिटणीसांपैकी ब्रिजमनसाहेब एक होते. त्यानंतर त्यांनी चिनी सहायकांच्या मदतीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास व वर्णन चिनी भाषेत लिहिले, आणि तो ग्रंथ १८३८ साली सिंगापूर येथे छापविला. त्यात त्या देशाची स्थापना, प्रांत, कायदे, शाळा, धर्म, व्यापार इत्यादी गोष्टी सांगितल्या होत्या. ज्या देशात राजा नाही, ज्याचा मुख्य अधिकारी लोक निवडतात व जो चार वर्षांनी बदलतो किंवा पुन्हा निवडला जातो, असा देश पृथ्वीवर आहे, ही वार्ता चिनी वाचकास कथेसारखी वाटली असेल.

ह्या कामी एका गरीब चिनी ख्रिस्ती कुटुंबाचा जो भाग आहे तो विसरता येत नाही. लियांग फा हा लाकडी ठशांवर अक्षरे कोरणारा कारागीर होता. १८१६ साली त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे मॉरिसनसाहेबांनी त्यास सुवार्तिक म्हणून दीक्षा दिली. पुस्तके वाटल्याबद्दल त्याचा छळ झाला व १८३४ साली त्यास देश सोडून पळावे लागले. त्याने आपला मुलगा लियांग जिन्दे ह्यास ब्रिजमनसाहेबांजवळ शिकण्यास ठेविले होते. तो मुलगा इंग्रजी उत्तम शिकला. लवकरच त्याच्या विद्येचा उपयोग अशा ठिकाणी झाला की जेथे त्याच्या गुरूसही प्रवेश नव्हता.

१८३९ साली बादशहाने लिन झेशू नावाचा एक कडक व निःस्पृह अंमलदार अफूचा व्यापार बंद करण्यासाठी कँटनला पाठविला. ही अफू येत होती कोठून? बंगालची कलकत्त्याहून, आणि माळव्याच्या शेतांत पिकलेली आमच्या मुंबई बंदरातून. मुंबईतील कित्येक व्यापारी घराण्यांची संपत्ती ह्याच विषावर वाढली, ही गोष्ट आम्ही चीनची कथा सांगताना लपविणे योग्य होणार नाही. लिन झेशूने वीस हजारांवर पेट्या परकीयांकडून घेतल्या, आणि जून महिन्यात समुद्राजवळ मोठे चर खणून, त्यांत पाणी, मीठ व चुना टाकून ती सर्व अफू नासून टाकिली.

परकीय व्यापाऱ्यांत त्या वेळी निराळीच कुजबूज होती. चिनी अंमलदार इतका माल खरोखर नष्ट करतील काय, ते गुपचूप विकून पैसा करतील, असे कित्येक म्हणत. ब्रिजमनसाहेबांनी कुजबुजीवर विश्वास ठेविला नाही व तिचा नुसता इन्कारही केला नाही. ते उठून पाहावयास गेले. ऑलिफंट कंपनीचे भागीदार किंग व त्यांची पत्नी ह्यांच्याबरोबर त्यांनी ती जागा गाठिली, चरांजवळ उभे राहून सर्व काम बारकाईने पाहिले, आणि काम अत्यंत काळजीने व प्रामाणिकपणे चालले आहे अशी साक्ष आपल्या मासिकात छापिली. लिन झेशूने इंग्लंडच्या राणीस उद्देशून जे पत्र लिहिले, ज्यात हे विष दुसऱ्याच्या देशात का पाठविता असा जाब विचारला होता, त्याचेही भाषांतर रिपॉझिटरीत आले. स्वतःच्या जातीचे व धर्माचे म्हणविणारे लोक दोषी असता परक्याच्या बाजूची खरी साक्ष देणे हे सोपे काम नव्हे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची जी मनाई आहे, तिचा अर्थ ब्रिजमनसाहेबांनी त्या दिवशी पाळून दाखविला.

त्याच सुमारास लिन झेशूने परदेशांची माहिती मिळविण्यासाठी भाषांतरकार नेमिले. परकीय वर्तमानपत्रे व पुस्तके त्याच्यासाठी चिनी भाषेत उतरविली जाऊ लागली. आणि त्या भाषांतरकारांत लियांग जिन्दे होता. ज्या देशात परकीयास भाषा शिकविणे हा गुन्हा होता, त्याच देशाच्या एका मोठ्या अंमलदारास मिशनऱ्याच्या शिष्याची गरज पडली. पुढे लिन झेशूने जमविलेली माहिती आपला मित्र वेई युआन ह्याच्या हवाली केली. ह्या विद्वानाने समुद्रापलीकडील देशांविषयी एक मोठा सचित्र ग्रंथ रचिला. तो प्रथम १८४२ च्या सुमारास निघाला आणि १८५२ पर्यंत वाढत वाढत शंभर अध्यायांचा झाला. अमेरिकेविषयी लिहिताना वेई युआनने ब्रिजमनसाहेबांच्या ग्रंथाचा पुष्कळ आधार घेतला, आणि चार वर्षांनी अधिकारी निवडण्याच्या त्या पद्धतीची वाखाणणी केली. हा ग्रंथ पुढे जपानातही वाचला गेला.

येथवर आम्ही ब्रिजमनसाहेबांचे गुण सांगितले. परंतु चरित्र सांगताना गुणच सांगणे म्हणजे अर्धी साक्ष देणे होय. आणि ज्याने खऱ्या साक्षीसाठी श्रम केले त्याच्याविषयी तरी अर्धी साक्ष देऊ नये.

अफूवरून इंग्रज व चिनी ह्यांमध्ये युद्ध पेटले. ते १८३९ पासून १८४२ पर्यंत चालले, चीनचा पराभव झाला, आणि नानकिंगच्या तहाने पाच बंदरे परकीयांस खुली झाली व हाँगकाँग बेट इंग्रजांस मिळाले. ब्रिजमनसाहेबांस अफूचा मनापासून तिटकारा होता. तरीही ह्या युद्धात ईश्वराचा हात आहे, चीनची बंद दारे उघडण्यासाठी हा आघात होत आहे, असे त्यांस वाटले व तसे त्यांच्या मासिकात लिहिलेही गेले. वखारीत कोंडून राहण्याची दहा वर्षे ज्याने सोसली, त्यास उघडलेले दार पाहून आनंद व्हावा हे आम्ही समजू शकतो. पण तोफेने उघडलेल्या दारातून जो आत येतो त्याच्याकडे घरधनी कोणत्या दृष्टीने पाहील, हा विचार त्यांस पुरेसा सुचला नाही. पुढे पुष्कळ वर्षे चिनी लोकांच्या मनात शुभवर्तमान व तोफ ह्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या, आणि ती गाठ सोडविताना चिनी ख्रिस्ती लोकांस फार दुःख सोसावे लागले.

दुसरी गोष्ट त्यांच्या चिनी ग्रंथाची. तो खोटा नव्हता. परंतु आपल्या घराविषयी बोलणारा मनुष्य ओसरी दाखवितो, मागचे अंगण दाखवीत नाही, तशातला तो प्रकार होता. ज्या वर्षांत तो ग्रंथ छापला गेला त्या वर्षांत अमेरिकेत वीस लाखांहून अधिक मनुष्ये गुलामगिरीत होती. त्या ग्रंथावरून चिनी विद्वानांच्या मनात जे चित्र ठसले ते मात्र मुख्यत्वे न्यायी, राजाविरहित व सुव्यवस्थित देशाचे होते. जी बाजू झाकून राहते ती दुसऱ्या दाराने बाहेर येते, हे पुढे दिसून आले.

युद्धानंतर अमेरिकेनेही चीनशी तह केला. तारीख ३ जुलै १८४४ रोजी मकावजवळ वांगशिया ह्या गावी त्यावर सह्या झाल्या. अमेरिकन वकील केलेब कुशिंग ह्यांचे चिटणीस व दुभाषी म्हणून ब्रिजमनसाहेब व वैद्य मिशनरी डॉ. पीटर पार्कर ह्यांनी काम केले. ह्या तहनाम्यात अमेरिकन लोकांस चिनी शिक्षक ठेवण्याची व सर्व प्रकारची चिनी पुस्तके विकत घेण्याची मोकळीक दिली होती. ज्या शिक्षकांस एके काळी लपूनछपून यावे लागे, ते आता उजेडात येऊ शकले. अफूचा व्यापार करणाऱ्या अमेरिकनास त्याचे सरकार पाठीशी घालणार नाही, असेही त्यात ठरले होते.

१८४५ साली ब्रिजमनसाहेबांचा विवाह एलायझा जेन गिलेट ह्या मिशनरी बाईंशी झाला. १८४७ साली ही दोघे शांघायला जाऊन राहिली. बाईंनी तेथे १८५० साली मुलींची शाळा काढिली. साहेबांचे शेवटले मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे चिनी भाषांतर. त्यात परमेश्वरास चिनी भाषेत कोणत्या शब्दाने हाक मारावी, ह्यावरून इंग्रज व अमेरिकन मिशनऱ्यांत मोठा वाद झाला. चिनी लोकांच्या प्राचीन ग्रंथांतला शांगदी हा शब्द घ्यावा असे बहुतेक इंग्रजांचे मत; तो त्यांच्या एका विशिष्ट देवाचे नाव असल्यामुळे शेन हा सामान्य शब्द घ्यावा, असे ब्रिजमनसाहेबांचे. वाद शब्दाचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी प्रश्न असा होता की, ह्या लोकांच्या पूर्वजांस सत्याची काही ओळख होती की नव्हती? त्या वादाचा शेवट झाला नाही. आजही चिनी पवित्र शास्त्र दोन्ही शब्दांनी छापले जाते. रेव्हरंड कल्बर्टसन ह्यांच्या साहाय्याने ब्रिजमनसाहेबांनी नव्या कराराचे भाषांतर १८५९ साली पुरे केले. जुन्या कराराचे काम चालू असतानाच, तारीख २ नोव्हेंबर १८६१ रोजी, शांघाय येथे ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. चीनमध्ये पाऊल ठेविल्यास तेव्हा एकतीस वर्षे होऊन गेली होती, आणि त्या काळात ते एकदाच, १८५२ साली, प्रकृती सुधारण्यासाठी स्वदेशी जाऊन आले होते. त्यांच्या पत्नी पुढे पेकिंगला गेल्या. तेथे १८६४ साली त्यांनी काढलेली मुलींची शाळा ब्रिजमन ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

आता त्यांच्या सोबत्याकडे वळू. जहाजावर बरोबर आलेले डेव्हिड अबील हे पुढे आमॉय बंदरी राहिले. तेथे १८४४ च्या सुमारास शू जियू नावाचा एक विद्वान अंमलदार त्यांस भेटला. अबीलसाहेबांनी त्याच्यापुढे नकाशे उघडले व जगातील देश समजावून दिले. शू जियूने १८४८ साली जगाच्या भूगोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांची थोरवी वर्णिली. सत्ता हाती असता त्यांनी ती आपल्या वंशासाठी ठेविली नाही, हे त्यास फार मोठे वाटले. परक्यांची स्तुती केल्याबद्दल त्यास पुष्कळ दूषणे सोसावी लागली. परंतु १८५३ साली निंगबो येथील चिनी ख्रिस्ती मंडळीकडून एक दगड अमेरिकेस गेला, त्यावर शू जियूचे ते शब्द चिनी लिपीत कोरलेले होते; वॉशिंग्टन नगरातील उंच स्मारकस्तंभाच्या आत तो दगड आजही बसविलेला आहे.

तो दगड अमेरिकेत असतानाच, त्याच देशात १८८२ साली चिनी मजुरांस देशात येण्याची बंदी करणारा कायदा झाला, आणि तो १९४३ पर्यंत रद्द झाला नाही. कॅलिफोर्नियातील वर्तमानपत्रांनी व व्यंगचित्रांनी चिनी मनुष्याचे असे विद्रूप चित्र काढिले होते की, विल्यम्ससारख्या विद्वानाने त्याच्या बाजूने लेखणी झिजविली तरी लोकांनी ऐकिले नाही. ग्रंथ कपाटात राहिला आणि व्यंगचित्र घरोघर गेले. त्याचे उत्तर चीनकडून आले. १९०१ साली लिन शू ह्या साहित्यिकाने श्रीमती स्टो ह्यांची गुलामगिरीवरील प्रसिद्ध कादंबरी चिनी भाषेत उतरविली, आणि काळ्या गुलामांचे हाल वाचताना अमेरिकेतील चिनी मजुरांची आठवण ठेवावी असे वाचकांस सुचविले. ब्रिजमनसाहेबांच्या ग्रंथातील मागचे अंगण त्रेसष्ट वर्षांनी असे उघडे पडले. १९०५ साली शांघाय व दुसऱ्या नगरांतील लोकांनी अमेरिकन मालावर बहिष्कार घातला.

ह्यावरून ब्रिजमनसाहेबांचे श्रम व्यर्थ गेले असे कोणी समजू नये. त्यांनी दोन बंद दारांस एकेक फट पाडिली, आणि त्या फटींतून आलेल्या प्रकाशात वेई युआन, शू जियू व विल्यम्स ह्यांनी वाट काढिली. परंतु साक्षीदाराचे काम एका पिढीत संपत नाही. प्रत्येक पिढीस नवी वार्ता येते, आणि ती आणणारा चरापर्यंत जाऊन पाहणारा आहे की घाटावरची कुजबूज सांगणारा आहे, हे प्रत्येक पिढीने स्वतः विचारावे लागते.

आमच्या गावांतील उपदेशक व मंडळीतील बंधुभगिनी ह्यांस चीन दूर वाटेल. परंतु पलीकडची वाडी, शेजारची जात, दुसऱ्या धर्माचे घर हे दूर नाही. त्यांच्याविषयी आपण रोज काही ना काही ऐकतो व पुढे सांगतो. सांगण्यापूर्वी आपण तेथे गेलो होतो काय? त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकिले काय? आणि त्यांच्यापुढे आपल्या घराविषयी बोलताना मागचे अंगणही दाखविले काय? ब्रिजमनसाहेबांनी पहिल्या दोन प्रश्नांस आपल्या आयुष्याने उत्तम उत्तर दिले. तिसऱ्याचे उत्तर त्यांच्याकडून अपुरे राहिले. ते पुरे करणे आपल्याकडे आहे.